शेऱ्याचा रकाना

ऑगस्ट लागल्यापासून मंडळाच्या संगणकावर रोज सकाळी एक पाटी यायची. तुमचं विंडोज दहा आता थकलं, चौदा ऑक्टोबरनंतर त्याची राखण करायला कुणी नाही, नवं अकरा घ्या. चंदनबाला उपाध्ये ती पाटी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायच्या. बत्तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढल्यामुळे आलेला कागद न वाचता सारायची त्यांना सवय नव्हती. वाचून झालं की चष्मा वर सरकवून त्या 'नंतर आठवण करा' दाबायच्या. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असं त्यांनी एकोणचाळीस वेळा केलं होतं. आकडा पक्का आहे, कारण टेबलावरच्या कॅलेंडरवर त्या रोज पेन्सिलीनं एक रेघ मारत होत्या.

सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हे वधूवर मंडळ. आसपासच्या जैन समाजातली लग्नाची पोरं-पोरी कागदावर प्रथम इथे यायची आणि मग मांडवात जायची. बावीस वर्षांत चौदाशे नावं बाईंच्या हाताखालून गेली होती. कुणाची उंची दीड इंच वाढवून लिहिली आहे आणि कुणाची नोकरी दीड वर्षापूर्वी सुटली आहे, हे त्यांना फॉर्म हातात घेतल्या घेतल्या कळायचं.

आता स्थळाच्या बाबतीत आपल्याकडची रीत अशी, की तोंडावर 'नाही' कुणी म्हणत नाही. चहा पितात, पोहे संपवतात, 'बघतो, कळवतो' म्हणतात आणि चप्पल घालतात. कळवायचं काम बाईंचं. नकाराचं खरं कारण बाईंच्या कानात सांगायचं, आणि बाईंनी पलीकडच्या घरी एवढंच म्हणायचं, 'योग दिसत नाही.' पलीकडचे 'का?' विचारत नाहीत. विचारलं तर कमीपणा येतो. अशी शेकडो खरी कारणं बाईंच्या कानात साठली. कानावर भरवसा ठेवणारी ही बाई नव्हे. त्यांनी ती लिहून ठेवली.

त्यासाठी जागा होती. दोन हजार तीन साली जयसिंगपूरच्या एका पोरानं मंडळाला स्थळांच्या नोंदीचा प्रोग्राम लिहून दिला होता. नाव, गाव, गोत्र, शिक्षण, शेती, अपेक्षा, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. शेऱ्याचा रकाना पासवर्ड घातल्याशिवाय दिसत नसे, आणि पासवर्ड बाईंशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. तिथे असं असं लिहिलेलं होतं: 'मुलगा चांगला. आई बोलू देत नाही.' 'शेती बारा एकर सांगतात. सातबारा मागावा.' 'मुलगा पुण्यात आयटीत असतो म्हणतात. पुण्यात असतो एवढं खरं.'

सगळे शेरे असे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. क्रमांक आठशे बासष्ट : 'पहिली सून आठ महिन्यांत माहेरी. हात उगारतात. घटस्फोट झाला, फॉर्मवर अविवाहित लिहितात. दाखवू नये.'

आणि क्रमांक अकराशे सत्तावीस. त्या ओळीसाठी बाईंनी एकोणचाळीस रेघा मारल्या होत्या.

अकराशे सत्तावीस म्हणजे प्रियदर्शनी मगदूम, मंडळाचे अध्यक्ष धन्यकुमार मगदूम यांची एकुलती एक मुलगी. शिरवळला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती, खोली घेऊन एकटी राहत होती. चार वर्षांपूर्वी तिचं सन्मती शेट्यांच्या मुलाशी जमत आलं. शेटे आणि मगदूम तीस वर्षांचे मित्र, एका ताटात जेवणारे. साखरपुड्याची तारीख निघायच्या आत प्रियदर्शनी एका दुपारी एकटीच मंडळात आली आणि समोरच्या खुर्चीत बसून रडली. शेट्यांकडे नोकरी सोडावी लागणार होती. 'मी नाही म्हटलं तर अण्णा मला शिरवळहून उचलून आणतील, मावशी. नकार माझा आहे हे कुणाला कळू देऊ नका.'

बाईंनी शब्द दिला. मगदूमांना सांगितलं, शेट्यांकडून योग दिसत नाही. शेट्यांना सांगितलं, मगदूमांकडून योग दिसत नाही. दोघांनीही 'का?' विचारलं नाही. दोघांनीही त्या दिवसापासून एकमेकांचं तोंड बघितलं नाही. शेटे मंडळाच्या कमिटीतून गेले, की घालवले गेले, ते ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं सांगावं.

बाई तोंडानं खोटं बोलल्या, पण लिहिताना त्यांच्या हातून खोटं लिहिलं गेलं नाही. शेऱ्यात होतं : 'नकार मुलीचा. दोन्ही घरांना दुसऱ्याचा सांगितला. शब्द दिला आहे.'

सप्टेंबरच्या बैठकीत धन्यकुमारांनी टेबलावर हात आपटला.

"बाई, चौदा ऑक्टोबरनंतर ह्या डब्याला कुलूप नाही. उद्या कुणी चोरानं आत शिरून पोरींचे फोटो नेले तर समाजाला काय तोंड दाखवू? नवीन सिस्टीम टाका. आणि बारा तारखेच्या मेळाव्यात स्थळं पालकांच्या फोनवर गेली पाहिजेत. कागद वाटायचे दिवस गेले."

"जुन्याचं सगळं अंगवळणी पडलंय, अण्णा. नव्यात म्हणे सुरुवातीचं बटणसुद्धा कोपऱ्यातून उठून मधोमध येऊन बसलंय."

"मग काय झालं? तुम्हीही कोपऱ्यातून मधोमध बसा."

कमिटी हसली. धन्यकुमारांचा हळदीचा व्यापार. पोत्यात हात घालून माल ओळखणारा माणूस. बाईंच्या बोलण्यात ओल आहे हे त्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नसावं. पण त्या वेळी त्यांनी पुढचा विषय घेतला.

संगणकाचं काम करायला साताऱ्याहून उदयसिंह यायचा. फौजेत सिग्नल्समध्ये वीस वर्षं काढून हवालदार म्हणून सुटला होता, आता सातारा ते सांगली पट्ट्यातल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने यांची यंत्रं बघायचा. बाईंनी त्याला फोनवर आधीच विचारून घेतलं होतं, आणि उत्तरानं त्यांची झोप गेली होती.

"आक्का, तुमचा प्रोग्राम म्हंजे बैलगाडी हाय. अकरावर ती चालत न्हाई. जुनं समदं पुसायचं, नवीन टाकायचं. त्येच्या आधी यादी भाईर काढून घ्यायची."

"सगळे रकाने निघतात?"

"निघत्यात की. पर कुलूपवाला रकाना उघडल्याबिगर यादीच भाईर पडत न्हाई. उघडला की समदं एका कागदावर, उघडंबोडकं."

म्हणजे नवं घ्यावं तर शेरे उघडे पडणार. एकेक ओळ वेगळी काढणं बाईंना जमत नव्हतं, ते उदयसिंहाचं काम. सगळा रकाना आधीच पुसावा तर आठशे बासष्टही पुसला जाणार, आणि रविवारच्या मेळाव्यासाठी त्या घराला तीन मुलींचे फॉर्म जायचे होते. मागणी आली होती आणि मुलगा दिसायला देखणा होता. जुनंच ठेवावं तर चौदा तारखेनंतर कुलूप नाही, आणि अध्यक्ष ऐकणार नाहीत.

बाईंनी तिन्ही बाजूंनी विचार केला आणि एक वाट काढली. धन्यकुमार चाळीस वर्षं सूर्यास्ताच्या आत जेवत आले होते. व्यापारात, प्रवासात, मुलीच्या बारशाच्या दिवशीसुद्धा त्यांनी तो नेम मोडला नव्हता. पाच वाजले की ते उठत, साडेपाचला घरी पाटावर. शुक्रवारी उदयसिंह अडीचला येणार आणि अण्णा समोर बसणार, हे ठरलेलं. पाचपर्यंत काम रेंगाळत ठेवायचं, अण्णा जेवायला गेले की रकाना उघडायचा, नको त्या ओळी काढायच्या, आणि ते परत यायच्या आत यादी बाहेर. तास-दीड तास पुरे होता.

शुक्रवारी अडीचला उदयसिंह आला, आणि त्याच्या पाठोपाठ, जिन्यात हळदीचा वास सोडत, धन्यकुमार.

"मी बसतो. तुमचं चालू द्या." त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि वर्तमानपत्र उघडलं.

बाईंनी चहा मागवला. चहा झाल्यावर म्हणाल्या, आधी मेळाव्याचे फॉर्म छापून ठेवू, काय सांगावं, नव्यात बिघडलं तर हाताशी असावेत. एकशे चाळीस फॉर्म. मंडळाचा प्रिंटर एक कागद काढून विचार करायचा आणि मग दुसरा काढायचा. बाईंना त्याचा कधी नव्हे तो अभिमान वाटला. साडेचार वाजेपर्यंत फॉर्म छापून झाले. मग त्यांनी ते मोजले. मग पुन्हा मोजले.

उदयसिंह बघत होता. धन्यकुमार फोनवर बोलायला गॅलरीत गेले तसा तो हळूच म्हणाला, "आक्का, फौजेत आमी गाड्यांचा कनव्हॉय असा लांबवायचो. कुणाची वाट बघताय का कुणाच्या जाण्याची?"

"गप बस गड्या. पाच वाजू देत."

"रकान्यात लफडं हाय व्हय?"

"लफडं नाही. शब्द आहे."

उदयसिंहानं मान हलवली. "मग सायब भाईर गेल्याशिवाय मी हात लावत न्हाई. माझी केबल हरवली म्हणून सांगतो."

पाच वाजले. धन्यकुमारांनी घड्याळाकडे बघितलं. बाईंनी फॉर्मच्या गठ्ठ्याला दोरी बांधायला घेतली, गाठ नीट बसली नाही म्हणून दोनदा सोडून परत बांधली. पाच वाजून दहा मिनिटांनी धन्यकुमारांचा फोन वाजला. घरून होता. बाईंना पलीकडचा आवाज ऐकू आला, 'आवं, भाकरी गार होतीया.'

"आज नको. झाकून ठेव," धन्यकुमार म्हणाले, आणि फोन खिशात टाकला.

बाईंचाही डबा खणात होता. त्याही सूर्यास्ताच्या आत जेवत. पण समोरचा माणूस उपाशी बसलेला असताना डबा कसा काढणार?

"अण्णा, जाऊन या. हे काही पळून जात नाही."

"एक वेळ नाही जेवलो तर मी मरत नाही, बाई. एवढं महिनाभर टाळताय ते काय आहे, बघू तरी." मग उदयसिंहाकडे वळून, "केबल सापडली?"

उदयसिंहानं बाईंकडे बघितलं. बाईंनी खिडकीकडे. ऊन समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चढलं होतं.

"सापडली," उदयसिंह पडल्या आवाजात म्हणाला आणि ती लावली. पडद्यावर चौकट आली : शेरा रकान्यासाठी पासवर्ड द्या.

"घाला, बाई."

"विसरले."

"बावीस वर्षं रोज घातलेला?"

"बोटांना येतो, डोक्यात नाही."

"मग बोटं ठेवा."

"आज बोटांनाही येईना."

उदयसिंहाला खोकला आला. धन्यकुमारांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली. "सरका जरा." एका बोटानं, पोतं टोचावं तसं त्यांनी रोजच्या णमोकार मंत्राचं नाव टाइप केलं : namokar. चूक. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पुढे १०८ जोडलं.

रकाना उघडला.

बाईंना हसावं की रडावं कळेना. बावीस वर्षं त्यांनी तिजोरीला कुलूप लावलं होतं, आणि किल्ली समाजातल्या प्रत्येकाच्या खिशात होती!

"माझ्या घरच्या वायफायचा हाच आहे," धन्यकुमार म्हणाले. "बस्तीत देवापुढं लावलेल्या कॅमेऱ्याचाही हाच. आपली माणसं दुसरं काय ठेवणार?"

मग त्यांनी ते केलं जे समाजातल्या कुणीही केलं असतं. शोधायच्या चौकटीत स्वतःचं आडनाव घातलं.

मगदूम आडनावाच्या तीन नोंदी आल्या. पहिली त्यांच्या चुलतभावाच्या मुलाची. 'मुलगा कष्टाळू. बापाच्या कंजूषपणानं दोन स्थळं गेली.' धन्यकुमार खुदकन हसले. दुसरी मिरजेकडच्या कुणा मगदूमांची होती, ती त्यांनी सोडली. बोट तिसऱ्या ओळीवर गेलं.

"अण्णा," बाई म्हणाल्या, "ती वाचू नका. मी हात जोडते."

त्यांनी वाचली.

खाली औषधाच्या दुकानाचं शटर कुणीतरी अर्धं ओढलं, परत वर केलं. प्रिंटरनं आपण होऊन एक कोरा कागद काढला. उदयसिंह मान वर करून पंख्याकडे बघत उभा होता, जणू पंखा दुरुस्त करायलाच त्याला साताऱ्याहून बोलावलं होतं.

"शेट्याला माझा नकार सांगितला," धन्यकुमार म्हणाले.

"हो."

"आणि मला त्याचा."

"हो."

"चार वर्षं, बाई. त्याची बायको वारली तेव्हा मी गेलो नाही. चौकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हटलं, ज्यानं माझी पोरगी नाकारली..." मग आवाज अगदी खाली आणून : "मी तिला शिरवळहून आणली असती?"

बाईंना गोड बोलता आलं असतं. "आणली असती, अण्णा," त्या म्हणाल्या.

धन्यकुमारांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते उठून ओरडतील, उद्यापासून येऊ नका म्हणतील, असं बाईंना वाटलं. त्यांनी मनातल्या मनात खण आवरायलाही घेतला होता : डबा, चष्म्याचं घर, पेन्सिली.

"पुसून टाका," धन्यकुमार म्हणाले. "हा रकाना समूळ पुसा. असलं काही माणसानं लिहून ठेवू नये. उदयसिंह, मार फॉरमॅट."

उदयसिंहानं हात पुढे केला.

"थांब रं," बाई म्हणाल्या. महिनाभर टाळाटाळ करणाऱ्या बाईंचा आवाज एकदम शाळेच्या कचेरीतला झाला. "अण्णा, आधी आठशे बासष्ट वाचा."

"आता कुणाचं काहीही वाचायचं नाही मला."

"वाचा. मग पुसा."

त्यांनी वाचलं. परत वाचलं. "हा? लाकडाच्या वखारीवाल्यांचा? पण हा तर..."

"रविवारी त्याला तीन फॉर्म जायचेत. तिसरा तुमच्या बहिणीच्या नातीचा आहे. तुम्हीच दिलाय, मुलगा देखणा आहे म्हणून."

ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं होतं, पाण्याच्या टाकीच्या कडेवर उरलं होतं.

"मग काय करायचं?" धन्यकुमारांनी विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी बाईंना पहिल्यांदाच विचारला.

बाईंनी खुर्ची ओढली आणि उदयसिंहाला माऊस हातात घ्यायला लावला. "नवं टाकायचं. तुमचं बरोबर आहे, ह्या डब्याला कुलूप उरलेलं नाही, ते आज मी डोळ्यांनी बघितलं. पण शेरे मी निवडणार. ज्यांची लग्नं झाली त्यांचं काही राहणार नाही. कुणी कुणाला का नाकारलं, ते राहणार नाही. ज्यानं पोरीच्या जिवाला धोका आहे, तेवढंच पुढं जाणार. तुम्ही वाचायचं नाही."

"वाचत नाही."

"खिडकीकडे बघा."

चौदाशे ओळी होत्या. उदयसिंह क्रमांक सांगायचा, बाई 'जाऊ दे' किंवा 'राहू दे' म्हणायच्या. लग्न झालेल्यांचा भला मोठा गठ्ठा एकदम गेला, तेव्हा त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटलं. 'आई बोलू देत नाही' गेलं. त्या पोराला आता दोन मुलं होती आणि बोलू न देणारी बायको. अकराशे सत्तावीस आला. उदयसिंह थांबला.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

खिडकीकडून धन्यकुमार म्हणाले, "शेट्याला मी फोन करतो. रविवारी ये म्हणतो."

"काय सांगाल?"

"खरं काय ते."

"अर्धंच सांगायचं. तुमचा नकार नव्हता, एवढंच. कुणाचा होता विचारलं तर म्हणा, निरोप देताना चंदनबालाबाईंचा घोटाळा झाला."

"तुमची आयुष्यभराची अब्रू जाईल, बाई. उद्या समाजातला एकही माणूस तुमच्या निरोपावर विश्वास ठेवणार नाही."

"जाईल थोडी. पण शब्द पोरीला दिलेला आहे. आणि तुम्हाला कळलंय, हे तिला कधी कळता कामा नये. दिवाळीला आली की ती सांगेपर्यंत विचारायचं नाही. नाहीच सांगितलं, तर मरेपर्यंत नाही."

धन्यकुमारांनी मान खाली घातली, आणि बाईंना ते पुरलं.

शेवटी एकोणीस शेरे उरले. उदयसिंहानं यादी बाहेर काढली, तिच्या दोन प्रती घेतल्या आणि विचारलं, "आक्का, मारू? एकदा मारलं की परत न्हाई."

पाण्याच्या टाकीवरचं ऊन गेलं होतं. खणातल्या डब्याला आता सकाळपर्यंत हात लागणार नव्हता.

"मार," बाई म्हणाल्या.

यंत्र बराच वेळ स्वतःशीच फिरत राहिलं. काळा पडदा, पांढरे ठिपके, मग निळं. उदयसिंहानं स्वतःसाठी खालून भजी आणली, दोघांपुढं धरली, आणि दोघांनी 'तुझं चालू दे' म्हटल्यावर ओशाळून गॅलरीत जाऊन खाल्ली. शेवटी नवा पडदा उघडला. कोपऱ्यातलं बटण खरंच मधोमध येऊन बसलं होतं. बाईंनी त्याच्याकडे, नव्या सुनेच्या माहेरच्यांकडे बघावं तसं, डोळे बारीक करून बघितलं.

एकोणीस शेऱ्यांची यादी वेगळ्या कुलपात गेली. पडद्यावर चौकट आली : नवीन पासवर्ड द्या.

"हां आक्का, ह्यो तुमी घाला," उदयसिंह म्हणाला आणि हात पुसत बाजूला झाला. "आन् देवाचं नाव नगं."

बाईंनी बोटं अक्षरांवर ठेवली आणि थांबल्या.

न सांगता धन्यकुमारांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर पाठमोरे बसले.